चार नंबरचं टेबल

रिबेका आवासकरांशी वाद घालून आजवर कुणी जिंकलेलं नाही; सिडनीतल्या वेस्टमीडच्या त्या तीन मजली युनिट्समध्ये कुणालाही विचारा. चुकीच्या दिवशी कचऱ्याचा बिन बाहेर ठेवणारा तळमजल्यावरचा म्हातारा असो, की पार्सल भलत्याच दारात टाकून पळणारा ड्रायव्हर, मावशींच्या तोंडाचा पट्टा सगळ्यांनी अनुभवलाय. वय चौऱ्याहत्तर, उंची पाच फुटांना दोन बोटं कमी, आणि आवाज असा की स्टेशनवर अनाउन्समेंटची गरज पडू नये. पण कुणाच्या घरी बाळंतपण झालं की डिंकाचे लाडू घेऊन सगळ्यांत आधी दारात हजर त्याच.

दाराच्या चौकटीला मेझुझा, म्हणजे आत देवाची वचनं घातलेली बोटभर नळी, आणि वर आंब्याच्या पानांचं प्लॅस्टिकचं तोरण. कुणी बुचकळ्यात पडलं की मावशी सांगायच्या, "ज्यू आहोत बाबा आम्ही. पण आवासचे!" आवास म्हणजे अलिबागजवळचं गाव. मावशींचे पणजोबा तिथे तेलाचा घाणा चालवायचे आणि शनिवारी बैल सोडून द्यायचे, म्हणून गाव त्यांना शनवारतेली म्हणायचं. कोकणातले हे बेने इस्रायल मराठीतच भांडतात, मराठीतच रडतात आणि नवस फेडायचा तर एलियाहू हनाबी या प्रेषिताच्या नावाने गोड पोह्यांचा मलिदा करतात. नवरा सॅम्युअल जाऊन नऊ वर्षं झाली तरी मावशींचा मलिदा चुकलेला नव्हता.

तर अशा या फटकळ बाईच्या पोटात एक वाक्य अडतीस वर्षं अडकून बसलं होतं. आपलंच, आपल्याच तोंडून सुटलेलं. ते कधीतरी परत घ्यायचं होतं. जिच्याकडून घ्यायचं ती आता अठ्ठ्याऐंशीची झाली होती.

याची कुणाला गंधवार्ता नव्हती. एका रविवारी आरवोला, म्हणजे इथल्या भाषेत दुपारी, खालच्या मजल्यावरची दीक्षा लॅपटॉप बगलेत मारून वर आली तोपर्यंत.

दीक्षा पद्माची मुलगी. पद्मा लातूरहून क्लेटनच्या युनिव्हर्सिटीत शिकायला आलेली, तिथून नोकरी आणि पीआर, म्हणजे कायम राहायचा परवाना, मिळवून सिडनीला. आता हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्ताचे नमुने तपासते. पोरगी इयर इलेव्हनला. आईशी मराठीत सुरुवात करून इंग्रजीत संपवते, पण मावशींपुढे मात्र शहाण्यासारखी मराठी बोलते, कारण मावशींनी तसा दमच दिलाय.

"आजी, हिस्टरीचा प्रोजेक्ट आहे," ती म्हणाली. "दुसऱ्या महायुद्धात ज्यूंना मारलं ना, त्यातली एक कम्युनिटी निवडायची. आणि टीचरने एकच प्रश्न दिलाय. हा अभ्यास तुम्ही कुठून सुरू कराल, आणि तिथूनच का?"

"मग कर की सुरू."

"कुठून पण? लायब्ररीतून पाच पुस्तकं आणली. पाचहीमध्ये पहिल्याच पानावर साठ लाख. मला साठ लाख दिसतच नाहीत गं. आय जस्ट कान्ट. मग आई म्हणाली, वर रिबाआजीला विचार, ती ज्यू आहे."

झालं! मावशींचा पारा चढला. "तुझी आईपण ना धन्य आहे! उद्या मी तिला जपानच्या देवळांचं विचारू का, तू बौद्ध आहेस म्हणून? अगं, आमच्या आवासला नव्हता आला हिटलर. आमच्याकडे नारळ होते, घाणा होता, शेजारी आगरी होते नि मुसलमान होते. सणाला ताटं इकडून तिकडे जायची. मला काय ठाऊक त्या लोकांचं?"

"काहीच माहीत नाही?"

"नाही."

"आणि ओळखीचंही कुणी नाही?"

मावशी ओटा पुसत होत्या. हात जागच्या जागी थांबला. "नाही," त्या म्हणाल्या. फटकळ माणसाला खोटं बोलता येत नाही, त्याचे कान लाल होतात. दीक्षाने ते पाहिलं की नाही कोण जाणे. "नो वरीज, आजी," म्हणून ती चकलीचा डबा घेऊन खाली गेली.

फ्रिजवर चुंबकाखाली एक कार्ड होतं. रोश हशानाचं, म्हणजे ज्यू नववर्षाचं, ज्याला मावशींच्या घरी नव्याचा सण म्हणतात. दर सप्टेंबरला ते यायचं, चोवीस वर्षं न चुकता, आत फक्त एक शब्द: इलोना. या वर्षी मात्र अक्षर दुसऱ्याच कुणाचं होतं आणि मागे एका नर्सिंग होमचा पत्ता होता.

मावशी सिडनीला आल्या सत्त्याऐंशी साली. आल्या आल्या वेस्टमीडच्या बाजूला एका हॉस्पिटलात काम मिळालं. ऑपरेशनची इन्स्ट्रुमेंट्स धुऊन, वाफेवर निर्जंतुक करून, ट्रे भरायचे. चार नंबरच्या टेबलावर त्यांची जोडीदारीण इलोना, हंगेरीची, पन्नाशीची, पाठ ताठ, केस घट्ट बांधलेले. कामाची रीत ठरलेली. एकीने यादी वाचायची, दुसरीने मोजून तोच आकडा परत म्हणायचा. "कात्री, वाकडी, चार." "चार." ऑपरेशन होऊन ट्रे माघारी आला की पुन्हा तीच यादी, आणि प्रत्येक ओळीला एक जास्तीचा प्रश्न: "परत?" जितकी गेली तितकी परत यायलाच हवीत. एक जरी कमी भरली तरी ट्रे बंद होत नसे. अख्खं थिएटर पालथं घालत.

पहिल्याच सप्टेंबरात मावशी डबा भरून मलिदा घेऊन गेल्या. टी-रूममध्ये झाकण उघडून कौतुकाने म्हणाल्या, "आज आमचं नवीन वर्ष. ज्यू लोकांचं."

इलोनाने त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "तू? तू तर इंडियन आहेस."

दोघी-तिघी हसल्या. नव्या देशात, नव्या नोकरीत, चार परक्या बायांसमोर तुमची ओळखच कुणी खोटी ठरवली तर काय होईल? मावशींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या म्हणाल्या, "पिढ्यान् पिढ्या राहिलो आम्ही तिथे. आमच्या केसालाही कुणी धक्का लावला नाही. तुम्हा लोकांवरच सगळे का उठले मग? आमच्यात म्हणतात, टाळी एका हाताने वाजत नाही."

आणि हे सगळं चांगलं समजेल अशा इंग्रजीत म्हणाल्या बरं का! एरवी ज्या इंग्रजीचं बोट धरून चालावं लागे, ती त्या दिवशी नेमकी धावली.

इलोनाने कप खाली ठेवला आणि ती निघून गेली. मलिद्याला कुणी हात लावला नाही. संध्याकाळी दुसऱ्या टेबलावरच्या बाईने मावशींना बाजूला घेऊन सांगितलं की इलोना सात वर्षांची असताना डोळ्याच्या उपचाराला बुडापेस्टला आईच्या बहिणीकडे गेली होती. तेवढ्यात तिच्या गावातले सगळे ज्यू उचलून नेले. आई, वडील, दोन भाऊ. कुणी उरलं नाही.

दुसऱ्या दिवशी माफी मागायची असं ठरवून मावशी गेल्या. इलोना यादी हातात धरून उभी होती. "कात्री, वाकडी, चार," ती म्हणाली. आता काय करणार? मावशी म्हणाल्या, "चार." आणि तो दिवस गेला तो गेलाच. आधी शरम होती. मग, तीच नाही का मला आधी बोलली, हा ताठा आला. मग नुसती सवय. चौदा वर्षं दोघी एका टेबलावर समोरासमोर उभ्या राहिल्या. एकमेकींच्या हाताचा अंदाज असा की न बघता चिमटा झेलावा. पण यादीपलीकडे शब्द नाही. इलोना रिटायर झाली त्या दिवशी यादीचं पॅड तिने मावशींच्या हातात दिलं आणि म्हणाली, "सावकाश वाचत जा. तू घाई करतेस." बस्स.

सोमवारी पद्मा शिफ्टवरून आली तेव्हा मावशी तिच्या दाराशी जिन्यावर बसलेल्या. पद्मा घाबरलीच. "मावशी, काय झालं? बरं नाही का?"

"बरी आहे गं. एक सांगायचंय. ऐकून घे आणि मध्ये बोलू नकोस."

स्वयंपाकघरात स्टुलावर बसून त्यांनी सगळं सांगितलं, वाक्यासकट. पद्मा तांदूळ धूत होती. ते वाक्य आलं तेव्हा तिने नळ बंद केला. मावशींना वाटलं, आता ही म्हणेल की जाऊ द्या, इतकं काय त्यात.

पद्मा म्हणाली, "आमच्या गावात माझ्या आजीला विहिरीवर मारलं होतं. पाण्याला शिवली म्हणून. पंचायत बसली, तेव्हा पाटील हेच म्हणाला. टाळी एका हाताने वाजत नाही."

मावशींचा चेहरा खर्रकन उतरला. "मग?"

"मग काय! आजी पंचायतीत उभी राहिली. म्हणाली, टाळीचं मला ठाऊक नाही पाटील, थोबाडीत मात्र एकाच हाताने बसते."

मावशी रडल्या. पद्माने त्यांना जवळ घेतलं नाही, उगीच समजूतही काढली नाही. तांदूळ गॅसवर ठेवला आणि शेजारी येऊन बसली. कुकरची तिसरी शिट्टी झाल्यावर म्हणाली, "तिकडे जा मावशी. आणि दीक्षाला न्या बरोबर. तुम्हाला धीर होईल आणि तिला कळेल तरी."

"ती मला ओळखणार नाही आता."

"नाही ओळखलं तर नाही. जायचं राहिलं, असं तरी नको व्हायला."

पुढच्या रविवारी दीक्षा आणि मावशी बसमध्ये बसल्या. मावशींच्या मांडीवर मलिद्याचा डबा. वाटेत त्यांनी पोरीला सगळं सांगून टाकलं, अगदी खोटं बोलल्याचंसुद्धा. दीक्षाने खिडकीबाहेर बघत विचारलं, "आजी, तू घाबरलीयेस?"

"गप गं. घाबरायला काय झालंय?" मावशी म्हणाल्या, आणि डब्याचं झाकण पाचव्यांदा दाबून पाहिलं.

दीक्षाने आठवडाभरात बरंच वाचलं होतं. हंगेरीच्या गावागावांतून चव्वेचाळीस साली अवघ्या आठेक आठवड्यांत चार लाखांहून जास्त ज्यू आगगाड्यांत भरून नेले, त्यांतल्या बहुतेकांना पोचल्या पोचल्या मारलं. सांगता सांगता ती थांबली. "पण आजी, हासुद्धा पुन्हा आकडाच आहे."

इलोना खिडकीजवळ खुर्चीत होती. पाठ अजून ताठ, केस मात्र कापसासारखे विरळ. नर्सने आधीच सांगितलं होतं की कधी ओळखते, कधी नाही. मावशी समोर बसल्या. चार ओळींचं भाषण पाठ करून आणलं होतं, सगळं विसरल्या.

"इलोना, मी रिबेका. चार नंबरचं टेबल. मी तुला एकदा फार वाईट बोलले होते. मला माफ कर."

इलोनाने सौजन्याने मान हलवली, बसमध्ये शेजारच्या अनोळखी माणसाला बघून हलवतात तशी. "आज हवा छान आहे," ती म्हणाली.

मावशींचा जीव कासावीस झाला. अडतीस वर्षं थांबलो, आणि आपल्याला उशीर व्हावा तो इतका? माफी मागायची ती कुणाकडे? ज्याला दुखावलं ते माणूसच घरी नाही. त्यांनी दीक्षाकडे पाहिलं. दीक्षाने फोन रेकॉर्डिंगसाठी काढला होता, तो हळूच परत दप्तरात ठेवला.

तेवढ्यात आरवो टी आला. ट्रेवर कप, बिस्किटं, चमचे वेडेवाकडे पडलेले. इलोनाने एक एक चमचा उचलून रांगेत लावायला घेतला, दांडे सगळे एका बाजूला. मावशी त्या हातांकडे बघत राहिल्या. हे हात त्यांना स्वतःच्या हातांइतके पाठ होते. आणि काय सुचलं कोण जाणे, त्या जुन्या आवाजात म्हणाल्या, "टीस्पून. चार."

"चार," इलोना लगेच म्हणाली.

"कप. तीन."

"तीन." मग इलोनाने मावशींच्या मनगटावर बोटाने टकटक केलं. "तू घाई करतेस. मी वाचते." आणि खिडकीबाहेर नजर लावून ती वाचू लागली. "वाइस. बेकरी. सहा."

मावशींना समजेना. पण यादी वाचणारीला थांबवायचं नसतं. त्या म्हणाल्या, "सहा."

"क्लाइन. घड्याळवाला. दोन."

"दोन."

"फिशर. निळं दार. आठ. बाळ धरून." ती दीक्षाकडे वळली, जणू ती नवी शिकाऊ आहे. "माझे वडील अंडी विकायचे. शुक्रवारी टोपली माझ्याकडे. माणशी एक अंडं. बाळालाही धरायचं, त्याची आई खाते."

दीक्षाने वही उघडली. इलोना दारोदार निघाली होती. विधवा लेडरर, एक, हिला फुटकं अंडं चालतं. शिंपी, पाच. शाळामास्तर, चार. प्रत्येक घराला मावशी आकडा परत म्हणत होत्या. रस्ता संपत आला. "आमचं घर," इलोना म्हणाली. "पाच."

"पाच," मावशी म्हणाल्या. आणि चौदा वर्षांची सवय, तोंडातून निघून गेलं, "परत?"

दीक्षाचं पेन थांबलं. मावशींनी तोंडावर हात नेला. पण इलोनाला प्रश्न योग्यच वाटला. यादी अर्धी सोडायची नसते. ती पुन्हा पहिल्या दारापासून निघाली. "वाइस, परत शून्य. क्लाइन, शून्य. फिशर, शून्य." निळ्या दाराशी ती जरा थबकली, मग पुढे गेली. शेवटी आपल्या घराशी आली आणि रांगेतला एक चमचा उचलून तिने बाजूला ठेवला. "परत, एक."

चहा निवून गेला होता. दीक्षाच्या वहीवर एक थेंब पडला आणि तिने तो बाहीने पुसला. मावशींनी इलोनाचा हात हातात घेतला.

"इलोना, मी म्हणाले होते, टाळी एका हाताने वाजत नाही. तुझ्या घरातल्यांनी काही केलं नव्हतं. निळ्या दारातल्या बाळाने काही केलं नव्हतं. माझ्या शेजारणीच्या आजीने मला शिकवलं, थोबाडीत एकाच हाताने बसते. मी पण तुला एका हातानेच मारलं. तेव्हापासून रोज मला सांगायचं होतं."

इलोनाने आपला मोकळा हात वर केला. उजेडात धरला, उलटा-सुलटा करून पाहिला. "एक हात," ती हळूच म्हणाली. "आवाज नाही. मला आठवतं." मग तिने मावशींकडे पाहिलं, या वेळी बसमधल्या माणसासारखं नव्हे. "मी म्हणाले होते, तू ज्यू नाहीस. सगळ्या हसल्या. तो डबा तू उघडाच घरी नेलास."

"तुझ्या लक्षात आहे?"

"किती उशीर लावलास, रिबेका. आपल्या टेबलाला कधी उशीर होत नसे."

"हो गं बाई," मावशी रडत रडत म्हणाल्या, "चुकलंच माझं." मग डबा उघडला. नर्सला विचारून इलोनाला चमचाभर मलिदा दिला. तिने तो चवीने खाल्ला, ओठ पुसले, म्हणाली खोबरं जास्त आहे, आणि दुसऱ्या चमच्यासाठी तोंड उघडलं.

थोड्या वेळाने तिची नजर पुन्हा बाहेर जाऊ लागली. दीक्षाने विचारलं, आजी, निघायचं का? मावशी उठल्या, पदर सावरला. इतक्यात मागून तो जुना, यादीचा आवाज आला.

"चार नंबरचं टेबल. दोन."

मावशी जागीच वळल्या. "दोन," त्या म्हणाल्या.

इलोना वाट बघत होती. यादी अजून संपली नव्हती. "परत?" तिने विचारलं.

मावशी माघारी आल्या, तिच्यासमोर खाली बसल्या, बाजूला पडलेला तो एकटा चमचा उचलला, त्याच्या शेजारी दुसरा ठेवला. "परत," त्या म्हणाल्या, "दोन."

इलोनाने मान हलवली. ट्रे बंद करायला तिची हरकत नव्हती. दीक्षाने वहीचं पहिलं पान उघडलं. वर प्रोजेक्टचा प्रश्न लिहिलेला होता, अभ्यास कुठून सुरू कराल, आणि खाली आठवडाभर कोरी राहिलेली जागा. तिथे तिने लिहिलं: वाइस, बेकरी, सहा.